ताबा

चावी हातात आली तेव्हा यादीत लिहिलं होतं :
एसी चार. गीझर दोन.
मागच्या अंगणातला नळ एक, जरा गळका.
पाखरांचा उल्लेख नव्हता.

तिसऱ्या दिवशी, दुपारी साडेचारला,
भिंतीवर होले येऊन बसले. अकरा.
चिमण्या सिद्रच्या फांद्यांत
(सिद्र म्हणजे आपली बोरच, काट्यासकट),
आणि साळुंक्या थेट पायरीवर,
थकलेलं भाडं मागायला आल्यासारख्या.
मी खोकी फोडत होते,
कुकरची शिट्टी सापडत नव्हती,
आणि ही मंडळी माझ्याकडे बघत होती,
पान वाढायला उशीर झाला की
सासरची माणसं बघतात, तसं.

हुश् केलं.
उडाली नाहीत. नुसती सरकून बसली.

शेजारच्या खजुरांना पाणी देणारा शाहदाद
भिंतीपलीकडून म्हणाला,
"बाजी, वो मिस्री उस्ताद खिलाता था."
नऊ वर्षं. दुपारची झोप झाली की
शिळा खबूस पाण्यात कुस्करून.
आता गेला कैरोला, गुडघ्यांपायी.
"इनको कौन बोलेगा?"

मीही नाही सांगितलं.
डब्यात बाजरी होती, भोगीच्या भाकरीपुरती जपलेली.
मूठभर फेकली.
होल्यांनी मान डोलावत टिपली.
साळुंक्यांनी एक दाणा उचलला, टाकला,
पुन्हा माझ्याकडे पाहिलं.
संध्याकाळी बेकरीत गेले. खबूस आणला.

मग जुलै. पन्नासला दोन कमी.
एसीच्या नळीखाली परात ठेवली.
आम्ही आत झोपायचो, आणि आमची झोप
थेंब थेंब परातीत उतरायची.
बुलबुल तिच्यात आंघोळ करायचा,
शेपटीखालचं पिवळं झटकत,
जणू विजेचं बिल तोच भरतो.
शिंजीर मात्र नळाचा.
उलटा लटकून, थेंब तोटीवरून सुटायच्या आत
चोचीत घ्यायचा. कधी चुकला नाही.

दसऱ्याला नीलकंठ दिसावा म्हणतात.
सोहारात तो रोज, समोरच्या तारेवर,
पंख मिटलेला असला की मळकट, कुणाच्या लक्षातही न येणारा.
आत्तेला फोन केला : आमच्याकडे रोज दसरा.
ती म्हणाली, मग सोनं पाठव.
गल्फातल्या माणसाला दुसरं काय सांगणार.

एकदा बलदियाचा माणूस आला, वही घेऊन.
साळुंक्या इथल्या नव्हेत, म्हणाला,
कुठल्याशा जहाजातून आल्या,
इथल्या पाखरांची घरटी बळकावतात.
खोटं नव्हतं ते. मार्चमध्ये
चिमणीची दोन पिल्लं मीच उचलली होती फरशीवरून,
अजून डोळे न उघडलेली.
"तुमच्याकडे येतात?"
"कधीमधी," म्हटलं.
टाकीवरून एक जण जोरात बोलली.
त्यानं नाव, गाव, राहण्याची मुदत लिहून घेतली.
माझी.

ती मुदत या महिन्यात संपते.
शाहदाद गेल्या वर्षीच तुर्बतला परतला.
खजुरांना आता ठिबक नळ्या आहेत,
भिंतीपलीकडे कुणी उभं नसतं.

आज कंपनीचा हैथम यादी घेऊन फिरतोय.
एसी चार, एक कुरकुरतो.
गीझर दोन. भिंतीवर खिळ्यांची भोकं सात,
त्यांचे पैसे कापतील.
नव्या भाडेकरूचं नाव अजून कोरं.
मी घड्याळ बघते. चार अठरा.
दोन होले आधीच आलेत,
ते नेहमीचेच उतावळे.

अंगणात येऊन त्यानं तोटी पिळून पाहिली.
थेंब थांबला, जमला, पडला.
"वायसर बदलायला सांगू का?
पाच मिनिटांचं काम आहे."

राहू दे, म्हटलं.
यादीत आहे तो तसाच.
गळका लिहा.